पहिला घास कडूचा

डॉक्टरांनी काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कागदावर दोन ओळी लिहून तो बाबांच्या हातात दिला. बाबांना वाचता येत नव्हतं, म्हणून तो मी वाचला. माझं वजन छत्तीस किलो भरलं होतं. अडीच महिन्यांनी पुन्हा तपासणी होती, आणि तेव्हाही वजन चाळीसच्या खाली राहिलं तर निवड रद्द. 'रद्द' हा शब्द मी दोनदा वाचला आणि मग कागदाची घडी करून बाबांच्या खिशात घातली.

निवड होती नर्सच्या ट्रेनिंगसाठी. गडचिरोली जिल्हा तेव्हा चंद्रपुरातून नुकताच वेगळा झालेला, जंगलातल्या गावांमधून उपकेंद्रं निघत होती आणि त्यांना स्थानिक मुली हव्या होत्या. आमचं गाव मुलचेऱ्यापासून पायी तासाभराच्या अंतरावर. गावातल्या आमच्या बौद्ध वस्तीत दहावी पास झालेली मी पहिली मुलगी. बाबा लाकडाच्या डेपोवर ओंडके लावायला जात आणि उरलेल्या वेळात आमची दोन एकर धानाची बांधी पाहत. त्यांनी स्वतःच्या आयुष्यात सरकारी कागदावर फक्त अंगठा उठवला होता. माझं नाव यादीत लागलं त्या दिवशी त्यांनी ती यादी सात घरी नेऊन दाखवली, वाचता येत नसताना बरोबर माझ्याच ओळीवर बोट ठेवून.

आम्ही परतीची बस पकडली. घरी पोचलो तर माय दारातच उभी होती.

"काय म्हणला डाक्टर?"

"चार किलो कमी भरली," बाबा म्हणाले.

"एवढंच?" माय म्हणाली. बाजारातून चार किलो वांगी आणायची असावीत, अशा आवाजात.

मला तिचा राग आला. पण तिच्या त्या 'एवढंच'वर मी पुढचे अडीच महिने काढले, हेही खरं.

वजन गेलं कुठे ते सांगते. आषाढात आमच्या भागात हिवतापाची साथ आली. घराघरात कोणी ना कोणी वाकळ पांघरून थरथरत पडलेलं. मी दोन आठवडे पडले. गोळ्या घेतल्या, सगळ्या घेतल्या, शेवटची चुकवली नाही. ताप गेला, पण जाताना भूक घेऊन गेला. भूक नसणं म्हणजे काय, हे ज्याला झालं त्यालाच कळतं. खाण्याचा कंटाळा वेगळा. मला शिजत्या भाताचा वास आला की उठून अंगणात जावंसं वाटे. घास तोंडात घातला की तो इकडून तिकडे फिरत राही, गिळायचं कसं तेच घसा विसरून गेला होता. चार घास खाल्ले की पोट दगड बांधल्यासारखं गच्च होई आणि आंबट ढेकर येत राहत.

शेजारच्या आत्याबाईंनी लगेच निकाल दिला. "नोकरीचं राहू द्या, पोरीले उजवून टाका. लग्न झालं का भूक लागते आपोआप."

"तुमचं होऊन तीस वर्षं झाली, म्हणूनच एवढी लागते का?" मी म्हटलं. माझी जीभ त्या वेळी अन्नाला नालायक झाली होती, बोलायला नव्हती. मायनं मला आत ओढलं, पण आत आल्यावर तोंडाला पदर लावून हसली.

मग मायनं तिचा उपाय सुरू केला. आमच्याकडे बांधाच्या कडेला, बांबूच्या रांजीखाली भुईनीम उगवतो. गुडघाभर उंचीचं झाड, चौकोनी काडी, पांढरी बारीक फुलं. एक पान चावलं तर संध्याकाळपर्यंत जीभ कडू राहते. माय त्याच्या जुड्या बांधून आढ्याला टांगून ठेवी. मूठभर काड्या पाण्यात भिजत घालायच्या, सकाळी ते पाणी गाळून गिलासभर प्यायचं, आणि लगेच तोंडात गुळाचा खडा. गावात सगळे हेच करत. पावसाळा सरताना पोरांना रांगेत उभं करून, नाकं दाबून पाजत. कडू म्हणजे शरीराला दिलेली शिक्षा, आणि गूळ म्हणजे सुटका, असा आमचा सगळ्यांचा समज. आजाऱ्याच्या तोंडात कडू जायचं. धडधाकट माणसाच्या ताटात कधी नाही.

मी आठ दिवस तो गिलास प्याले. फरक पडेना. इथे माझं डोकं चाललं. दहावीत गणितात चांगले गुण होते ना माझे! मी हिशोब केला की एका गिलासानं जर हळूहळू गुण येत असेल तर तीन गिलासांनी तिप्पट लवकर यायला हवा, आणि काढा आटवून अर्धा केला तर सहापट. माय शेतावर गेली की मी चुलीवर जुनं भगोणं चढवायची, भुईनिमाची अख्खी जुडी त्यात मोडून घालायची, आणि पाणी काळंकुट्ट होईपर्यंत आटवायची. दिवसातून तीनदा तो चिखल मी डोळे मिटून प्यायची. प्रत्येक वेळी मनात म्हणायची, चाळीस. गूळसुद्धा खायची नाही, गुळानं गुण कमी होईल म्हणून.

चौथ्या दिवसापासून उलट्या सुरू झाल्या. पोटात पीळ पडायला लागला, परसाकडे धावता धावता पाय लटपटायला लागले. तरी मी पीत होते. मला वाटलं, आतली घाण निघून राहिली आहे. हट्टी माणूस चुकला की तो चूकही मन लावून करतो.

गावात वजनाचा काटा नव्हता, पण मुलचेऱ्याच्या वाटेवर धान कुटायची मिल होती. ती चालवणारे चाचा मोठे दिलदार. त्यांच्याकडे वाशाला टांगलेला मोठा तराजू होता, एका पारड्यात पोतं आणि दुसऱ्यात लोखंडी मापं. माय मला दर बाजाराच्या दिवशी तिथे नेई. मी पारड्यात उकिडवी बसायची, दोन्ही हातांनी साखळ्या धरून. धान घेऊन आलेली माणसं बघत राहत.

"बेटी, धान का बोरा तेरे से दुगना है," चाचा म्हणायचे.

त्या आठवड्यात चाचांनी मापं चढवली, एक काढलं, पुन्हा एक काढलं. आणि मग काहीच विनोद केला नाही. पस्तीस.

घरी आल्यावर मायनं आधी चूल पाहिली, मग राखेच्या ढिगामागे लपवलेलं भगोणं बाहेर काढलं. त्याच्या तळाला काळा थर बसला होता. तिनं तो बोटानं खरवडला, चाखला, आणि थुंकली.

"तुले मराचं हाये का नर्स व्हाचं हाये? एक ठरव," ती म्हणाली. "मंग मले सांग. म्या त्या हिशोबानं रांधतो."

मी रडले. उलट्यांनी नव्हते रडले, गावाच्या बोलण्यानं नव्हते रडले, पण त्या एका किलोनं रडले. चारचे पाच झाले होते आणि तेही माझ्याच हातानं.

नाल्यापलीकडे बंगाली लोकांचं गाव होतं. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना सरकारनं आमच्या भागात जमिनी दिल्या होत्या. त्यांची पोरं एव्हाना आमच्यासारखीच मराठी बोलत, पण म्हातारी माणसं बोलताना हिंदी, मराठी आणि बंगालीचा काला करत. तिथली एक बाई भाजी आणि बारीक मासळी घेऊन आमच्याकडे येई. तिला आम्ही तिच्या पोरांसारखंच काकीमा म्हणायचो. ती आणि माय ओट्यावर तासभर बोलत बसायच्या. दोघींना एकमेकींचं निम्मंच कळायचं, तेवढ्यावर त्यांची मैत्री मजबूत होती.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मायनं तिच्यापुढे ते भगोणंच ठेवलं. काकीमानं वास घेतला आणि कपाळावर हात मारला.

"ओ माँ! इतना? इससे तो भैंस भी मर जाएगा." मग माझा हात धरून मनगट चाचपलं. "चल. मेरे घर चल. आज भात खाने का टाइम को."

माय, मी आणि ती, तिघी नाला ओलांडून गेलो. तिच्या घरी जेवायची वेळ झाली होती. तिचा नवरा शेतातून आला, तिची पाच-सहा वर्षांची नात मांडी घालून बसली. काकीमानं ताटांत भात वाढला, आणि भाताच्या कडेला सगळ्यात आधी एक चिमूटभर काहीतरी. कडूनिंबाची कोवळी पानं तेलात कुरकुरीत तळलेली, सोबत वांग्याच्या दोन तळलेल्या फोडी. नवऱ्यानं ते भातात कुस्करून पहिला घास घेतला. नातीनंही घेतला. नाक दाबलं नाही, तोंड वेडंवाकडं केलं नाही, गूळ मागितला नाही. मी त्या पोरीकडे बघतच राहिले.

"तुम लोग तेतो को दवा बोलता है," काकीमा म्हणाली. तेतो म्हणजे कडू. "दवा नाही. भात का पहला गास है. जीभ को पता चलता, अभी खाना आता है. मुँह में पानी आता, पेट का दरवाजा खुलता. थोडा. इत्ता." तिनं करंगळीचं पेर दाखवलं. "जास्ती नाही, आणि आखरी को नाही. पहला."

"आणि गूळ?" मी विचारलं.

"गूड काहे को? फिर जीभ बोलेगा, हो गया, चलो."

मला पुढे ट्रेनिंगमध्ये लाळ आणि पाचकरसांचा धडा होता. बाईंनी शिकवायला घेतला तेव्हा वर्गात एकटी मी हसत होते. काकीमाला त्यातलं एकही नाव माहीत नव्हतं, पण जे तिला माहीत होतं त्याच्यापुढे त्या धड्यात फारसं काही नव्हतं.

निघताना तिनं नियम घालून दिले. आठ दिवस काढा बंद, एक थेंबही नाही. फक्त भाताची पेज, मीठ घालून, थोडी थोडी. उलट्या थांबल्या नाहीत तर डॉक्टरकडे, ताबडतोब. मग चार पानं. चारच, पाच नाही. हे सांगताना तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. आणि शेवटचा नियम मायला सांगितला, "इसको अकेला नाही देना. घर में सब खाएगा. अकेला खाया तो दवा हो गया. सब खाया तो भात."

माय नाल्याशी येऊन थांबली. पाण्यात पाय घालताना म्हणाली, "आपल्या घरी कडू ताटात कोणी वाढत नाई वो. जेवणाऱ्याच्या ताटात कडू वाढणं म्हणजे त्याले उठ म्हणनं." तिला खरंच अवघड वाटत होतं. पाहुण्याला कोरड्या भाकरीसोबत मीठ दिलं असतं तिनं, पण कडू नाही. पलीकडे चढल्यावर लुगडं पिळत म्हणाली, "पण ते पोरगी कशी खात होती पाहिलं का तू?"

पेज पिऊन उलट्या तीन दिवसांत थांबल्या. आठ दिवस संपले आणि नवव्या दिवशी मायनं बाबांच्या ताटात भाताशेजारी चार तळलेली पानं ठेवली. बाबांनी पानं पाहिली, मायकडे पाहिलं.

"काय चुकलं माझं?" ते म्हणाले.

"काई नाई चुकलं. खा."

बाबांनी खाल्लं. डेपोवर दिवसभर सागाचे ओंडके उचलणारा माणूस, पण त्या घासाला त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. पोरीच्या नोकरीसाठी त्यांनी दगडही खाल्ले असते. मीही खाल्लं. काकीमानं सांगितल्याप्रमाणे हळू चावलं, जिभेवर सगळीकडे फिरू दिलं, पळ काढला नाही. कडूपणा आधी जिभेच्या मुळाशी गेला, मग कानांपर्यंत, आणि मग, मला आजही नवल वाटतं, तोंडात लाळ सुटली. कितीतरी दिवसांनी तोंड ओलं झालं. त्याच्यावर घेतलेला साधा वरणभाताचा घास चक्क गोड लागला.

"आणि तू?" मी मायला विचारलं. "सगळ्यांनी खायचं म्हणली ना काकीमा?"

"मी मांगून जेवतो," माय म्हणाली. ती नेहमीच मागून जेवायची. मी पुढचा घास घेतला.

भूक लगेच परत आली नाही. मी रोज दोन्ही वेळा चार पानं खात होते आणि वाट पाहत होते. दाराच्या मागे कॅलेंडर होतं, त्यावर मी तपासणीच्या दिवसाभोवती गोल काढला होता. उठल्यावर आधी तो गोल बघायची. माझ्यातली ती गणितवाली रोज सांगे, आठ पानं खा. मी तिला गप्प बसवायची. मला वाटतं, आयुष्यातलं सगळ्यात कठीण काम मी तेव्हा केलं. जास्त करणं सोपं असतं. ठरलेलं तेवढंच करायचं आणि थांबायचं, याला फार जोर लागतो.

बाराव्या दिवशी मी बांधावर गवत कापत होते. शेजारच्या बांधीत कोणीतरी खेकडे भाजत होतं. वास आला आणि माझ्या पोटात कळ उठली. मी घाबरले, वाटलं पुन्हा सुरू झालं. विळा टाकून खाली बसले. कळ पुन्हा आली, आणि मग मला कळलं की ही भूक आहे. मी विळा तिथेच टाकून घराकडे पळत सुटले. "माय, भूक लागली!" मी अंगणातूनच ओरडले. आत्याबाई त्यांच्या दारातून बघत होत्या. त्यांना ऐकू जावं म्हणून मी आणखी एकदा ओरडले.

माय त्या वेळी सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, उठली, आणि शिंक्यावरची भाताची हंडी उतरवून माझ्यापुढे ठेवली. मी ताटसुद्धा घेतलं नाही. तोंडात चार पानं टाकली आणि हंडीतूनच खाल्लं.

त्यानंतर मी जेवायला लागले, ते काही विचारू नका. सकाळी आंबील, दुपारी भात, संध्याकाळी भात, मध्ये केव्हाही काहीही. घरच्या दोन कोंबड्यांची अंडी माझी. काकीमा एखाद्या दिवशी पानात गुंडाळून मासळी द्यायची, ती माझी. काकीमानं आणलेली बोटभर लांबीची कडू कारलीही आम्ही खाल्ली, भुईनीम मात्र आढ्यालाच टांगलेला राहिला. पोट जड होत नव्हतं, ढेकर थांबले होते. चाचांच्या तराजूत सदतीस झाले, मग अडतीस. "अब धान का बोरा घबरा रहा है," चाचा म्हणाले. माय बाजूला माझ्या चपला हातात धरून उभी असायची आणि काट्याकडे एकटक बघायची.

हे सगळं धान हाती यायच्या आधीचे दिवस होते. बांधीत धान पोटरीला आलेलं, आणि घरातल्या ढोलीतलं जुनं धान तळाला गेलेलं. दर वर्षी याच दिवसांत आमच्याकडे हात आखडून चालायचं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मी ताट पाहत होते, हंडी पाहत नव्हते. मी उठले की माय म्हणायची, "आणखीन घे." मी म्हणायची, "तुला?" ती म्हणायची, "हाये मले." मी घ्यायची. खूप वर्षांनी मिळालेली वस्तू सांभाळावी तशी मी माझी भूक सांभाळत होते, आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं.

तपासणीला आठ दिवस राहिले तेव्हा वजन एकोणचाळीसवर येऊन अडलं. चाचांनी हळूच सल्ला दिला, "जाने के दिन दो लोटा पानी पी के जा." मी त्यांना म्हटलं, जी नर्स काट्याला फसवून नर्स होणार ती उद्या रोग्याला काय सांगणार? फार मोठेपणानं म्हटलं. घरी येऊन दोन लोटे पाणी एका दमात पिता येतं का ते करून बघितलं, हेही सांगून टाकते. नाही आलं. मग मी उरलेले आठ दिवस ठरलेल्या वेळेला जेवत राहिले, दुपारी झोपत राहिले, आणि पानं चारच ठेवली.

तपासणीच्या दिवशी धान कापून बांधीत पडलेलं होतं, ते सोडून बाबांना येणं शक्य नव्हतं. माय आली. पहाटेच उठून तिनं भात रांधला, वांग्याची भाजी केली, फडक्यात बांधून घेतली. तिचं एक निळं लुगडं होतं, बाहेर जायचं. ते ती नेसली तेव्हा निऱ्यांचा गठ्ठा पोटाशी मावेना, तीनतीनदा खोचत होती. "लुगडंच सैल विणलं मेल्यानं," ती म्हणाली. बस सुटेल म्हणून मी दारातून हाका मारत होते.

जिल्ह्याच्या दवाखान्यात काट्याशी एक वयस्क नर्स होत्या. पांढरी कडक साडी, डोक्यावर टोपी. मी त्यांच्याकडे बघत काट्यावर चढले, आणि मग डोळे मिटून घेतले.

"एक्केचाळीस," त्या म्हणाल्या.

मी डोळे उघडून स्वतः काटा पाहिला. एक्केचाळीस. मी काट्यावरच दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी राहिले. नर्सबाई हसायला लागल्या. माय भिंतीशी उभी होती, तिनं मान वर करून छताकडे पाहिलं आणि मोठा श्वास सोडला.

"मागच्या वेळी छत्तीस होती की ही. काय खायला घातलं, मावशी?" नर्सबाईंनी विचारलं.

"निंबाचा पाला," माय म्हणाली.

नर्सबाई आणखी हसल्या. त्यांचा दिवस चांगला चालला असावा. "या, तुम्हीपण चढा. बघू तुमच्यावर पाल्याचा काय गुण आला."

"मी कायले? मले कुठी नर्स व्हाचं हाये?"

"चढा हो, पैसे नाही पडत." त्यांनी मायला दंडाला धरून पुढे आणलं, आणि दंड धरताच त्यांचं हसू कमी झालेलं मला दिसलं. माय चप्पल काढून काट्यावर चढली. काटा हलला आणि थांबला. नर्सबाईंनी वाकून पाहिलं. मीही पाहिलं.

बत्तीस.

"काटा बिघडला असन तुमचा," माय म्हणाली.

"आत्ता तर मुलीचं दाखवलं, मावशी."

माय झटकन खाली उतरली. तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच भीती पाहिली. "तिचं बरोबर हाये!" ती म्हणाली. "तिचं बरोबर दाखवते तो. तिचं लिवलं ना तुम्ही? आधी लिवून टाका."

नर्सबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि माझ्या नावापुढे एक्केचाळीस लिहिलं.

आम्ही बसस्टँडवर आलो. बाकावर बसल्यावर मायनं फडकं सोडलं, भात आणि भाजी माझ्यापुढे सरकवली. "जेव. सकायपासून पोटात काई नाई तुह्या."

"तू जेव."

"मले भूक नाई."

भूक नसणं काय असतं, हे त्या काळात माझ्याइतकं त्या बसस्टँडवर कोणाला माहीत नसेल. भूक नसलेला माणूस अन्नाकडे बघत नाही. वास येऊ नये म्हणून तोंड फिरवतो. माय फडक्याकडे बघत होती, आणि बघता बघता तिनं आवंढा गिळला.

मी हाताची घडी घातली. "तू जेवल्याबिगर मी घास घेणार नाही," मी म्हटलं. "आजही नाही आणि उद्याही नाही. पुन्हा छत्तीस झाले तरी चालेल."

"पागल झाली का बाई? बस लागून राह्यली ते पाह्य."

"जाऊ दे."

बस गेली. त्या वाटेवर दुसरी बस दुपारी होती. माय चिडली, लोक पाहतील म्हणाली, बाबा वाट पाहतील म्हणाली. मी हाताची घडी सोडली नाही. हा हट्ट माझ्यात कुठून आला ते तिला चांगलं माहीत होतं. शेवटी तिनं पदरानं हात पुसला, माझ्याकडे पाठ केली आणि जेवायला लागली.

मी बाजूनं वाकून पाहिलं. माय इतकी भराभर जेवते, हे मला अठरा वर्षांत माहीत नव्हतं.